सावरीचं टोपरं

सुमन गेली त्याला आता सात महिने झाले. जाईपर्यंत ती एकच गोष्ट सांगत राहिली, की तिच्या भावाचं डोकं तिच्या हातानं बिघडलं. शेजारणींना सांगितलं, मुलीला सांगितलं, दवाखान्यात सलाईन लावायला आलेल्या नर्सलासुद्धा सांगितलं. "मी कापूस भरला ना, म्हणून." नर्सला काही कळलं नाही. ती म्हणाली, आजी, हात हलवू नका. मी बाजूच्या स्टुलावर बसून होतो आणि तेव्हाही गप्प राहिलो. सुमन सांगायची ते खोटं आहे. मोहनचं डोकं मी बिघडवलं, आणि तेही ठरवून. ते मी इथं लिहून ठेवतोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही रडतखडत, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ मुलगी बघेल. मजकूर बदलायचा नाही असं तिला बजावलंय. वाचताना तिला त्रास होईल. होऊ दे.

घाटकोपरला पश्चिमेच्या डोंगरउतारावर आमची चाळ होती. घरं एकावर एक चढलेली, आमच्या दारात उभं राहिलं की खालच्या घराचा पत्रा पायाशी यायचा. आम्ही मालवणकडचे. बाप भांडुपच्या बाजूला लोकरीच्या मिलमध्ये होता. तिथं लोकर दाबून दाबून जाड पट्टे करायचे, नमदा म्हणतात त्याला. बापाच्या अंगाला ओल्या मेंढीसारखा वास यायचा आणि त्याच्या कमरेला मिलचा जुना चामडी पट्टा असायचा. तो पट्टा पॅण्ट सांभाळायला कमी आणि मला मारायला जास्त वापरला गेला. कारण लागायचं नाही. पाणी भरलं नाही म्हणून, भरताना सांडलं म्हणून. आई मधे पडली तर तिलाही बसायचा. मार कसा घ्यायचा ते मी घरी शिकलो: अंग सैल सोडायचं, दात आवळायचे, डोळे उघडे ठेवायचे. पुढं बॉक्सिंग शिकताना रिंगमध्ये मास्तरांनी नेमकं तेच सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं.

समोर, तीन पायऱ्या खाली सुमनचं घर. वडील नव्हते. आई, सुमन आणि तिचा भाऊ मोहन, माझ्याच वयाचा. सुमनच्या आईला आम्ही काकी म्हणायचो. काकी स्टेशनरोडच्या एका गादीवाल्यासाठी घरी उशा भरून द्यायची. सावरीचा कापूस. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगतो, हाताला रेशमासारखा लागतो, मुठीत धरला तर काही धरलंय असं वाटत नाही, आणि उडतो. दार लावून काम करायच्या दोघी मायलेकी, तरी तो फटीतून निघायचा आणि अख्ख्या चाळीत फिरायचा. केसांत, भिंतीवरच्या तसबिरीत, वाळत घातलेल्या बोंबलांवर. आमच्या सोलकढीत रोज कापूस पडायचा. आई तो बोटानं उचलून भिंतीला पुसायची आणि मोठ्यानं ओरडायची, "गो काकी, आज कढयेत घातलंस, उद्या भातात घाल!" खालून काकी ओरडायची, "फुकट हा, खावा!" सुमन तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. दुपारभर वेताच्या काठीनं कापूस झोडायची. फट्, फट्, फट्. आणि त्याच वेळी खाली क्लबाच्या शेडमध्ये पोरं बॅगेवर ठोसे मारत असायची, त्याचाही आवाज तसाच. आमच्या घरात डोळे मिटून बसलं तर कुठला आवाज कुठला ते सांगता यायचं नाही.

क्लब म्हणजे व्यायामशाळेच्या मागची पत्र्याची शेड. फळ्यांवर घोंगड्या, घोंगड्यांवर ताडपत्री, चारी बाजूंनी दोर, आणि घंटेऐवजी टांगलेला रुळाचा तुकडा. शिकवायला मास्तर. ते आगीच्या बंबावर नोकरीला होते, ड्यूटी संपवून यायचे, अंगाला धुराचा वास. बोलायला तिखट होते पण हात उचलायचे नाहीत. आमच्यापैकी निम्मी पोरं तेवढ्यासाठीच त्यांच्याकडे जायची. सरावाला डोक्यावर घालायला क्लबात दोन हेडगार्ड होते. तपकिरी चामड्याचे, वर्षानुवर्षांच्या घामानं काळे पडलेले, आणि आत गच्च भरलेला नमदा. तो माझ्याच बापानं मिलमधून तुकडे आणून भरून दिला होता. गार्ड लाकडासारखे कडक झाले होते. कान सोलायचे, भुवईवर घासून कातडी निघायची, आणि वास असा की नवीन पोरगं घातल्याबरोबर ओकायचं. आई त्याला हेडगार्ड म्हणायची नाही. हनुवटीखाली नाडी बांधतात म्हणून टोपरं म्हणायची, तान्ह्या पोराला घालतात ते. "टोपरा घालून मारामारी करतत. मेल्यांनो, पाळण्यात तरी झोपा!" तेच नाव सगळीकडे झालं. मास्तर सोडून सगळा क्लब टोपरंच म्हणायचा.

मास्तरांची एक सवय होती. बाउटच्या आधी ते गार्ड हातात घेऊन अंगठ्यानं सगळीकडून दाबून बघायचे. कपाळ, दोन्ही कानशिलं, गाल. आम्ही विचारलं, काय बघता, तर म्हणाले, "अंगठा आत गेला नाही पाहिजे, आणि दगडाला लागल्यासारखा थांबला पण नाही पाहिजे. मधे कुठंतरी." त्यापलीकडे त्यांनाही फार काही ठाऊक नसावं. बापाला मी एकदा विचारलं होतं, की एवढा जाड नमदा असून डावा हूक, बाजूनं फिरवून मारलेला ठोसा, बसला की डोळ्यांपुढं पांढरं का होतं. बाप त्या दिवशी बऱ्या तब्येतीत होता. नारळाचं सोडण, वरचा काथ्या, सोलत होता, तोच नारळ वर धरून म्हणाला, "ह्यो माडावरसून पडलो तरी फुटाचो नाय. सोडण आसा म्हणान. पण आतला पाणी हलतलाच. टोपऱ्यान कवटी वाचता रे, पाणी नाय." मिलमधल्या अडाणी माणसानं सांगितलेलं हे. मागच्या वर्षी मुलगी मला मुलुंडच्या मॉलमध्ये घेऊन गेली होती, तिथं खेळाच्या दुकानात मी नव्या तऱ्हेचा हेडगार्ड हातात घेऊन अंगठा दाबला. दाबलेला खड्डा हळूहळू वर येतो आता. दुकानातली मुलगी म्हणाली, "अंकल, फुल प्रोटेक्शन आहे." मी म्हटलं, कातडीला. ती हसली. मोठ्या पुरुषांच्या सामन्यातून तर ते काढूनच टाकलंय म्हणे. त्यानं डोकं मोठं होतं, बाजूनं येणारा ठोसा दिसत नाही, आणि घातलं की माणूस बिनधास्त डोकं पुढं करतो. हे सगळं आम्हाला अंगावर कळत होतं, कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

तर मोहनची भुवई फाटली. ठोशानं नाही, गार्डच्या कडेनं. चार टाके पडले आणि सुमनचं डोकं फिरलं. एका रविवारी ती सरळ शेडमध्ये आली. मुली तिथं येत नसत. तिनं खिळ्यावरचा एक गार्ड काढला, नाकाला लावला, तोंड वाकडं केलं आणि मास्तरांना म्हणाली, "ह्याच्यात काय मेलेला उंदीर भरलाय? मी नेते. भरून आणते." मास्तर म्हणाले, "भरायला काय उशी आहे काय ती?" सुमन म्हणाली, "उशीच आहे ना? डोक्यालाच तर लावायची." पोरं हसली. मास्तरांनी नेऊ दिला. म्हणाले, एक ने, बरा झाला तर दुसरा पुढच्या रविवारी. सुमननं तो उसवला, नमदा उकरून गटारात टाकला, चामड्याला आतून खोबरेल लावलं, जुन्या नऊवारीच्या मऊ कापडाचं अस्तर लावलं आणि त्यात सावर भरली. तिच्या हाताला जे ठाऊक होतं ते तिनं केलं. मऊ म्हणजे चांगलं. उशी मऊ पाहिजे, टोपरं मऊ पाहिजे, डोकं कुणाचंही असो. तिच्या घरात तीन पिढ्या तेच काम, दुसरं तिला कसं सुचणार?

सोमवारी गार्ड परत आला तेव्हा शेडमध्ये जत्रा झाली. प्रत्येकानं घालून बघितला. "झकास रे, झोप येईल ह्याच्यात!" एकानं तो डोक्याखाली घेऊन ताडपत्रीवर खरंच ताणून दिली. मोहन तो घालून कॉलर ताठ करून फिरत होता, "बहिणीनं शिवलाय, हात पुसून लावा." मास्तरांनी अंगठा दाबला. अंगठा गेला, आणि सोडल्यावर कापूस फुगून वर आला. त्यांनी थोडे ओठ मुडपले, पण एवढ्या पोरांचा उत्साह बघून अडवलं नाही. वर येतोय ना, म्हणाले, बघू.

आता मोहनचं आणि माझं सांगतो. आमचं वजन एक, उंची एक, आणि उपनगरच्या संघात आमच्या वजनाला क्लबातून जागा एक. त्याच आठवड्याच्या रविवारी आमच्या दोघांत तीन राउंड व्हायचे आणि जिंकेल तो जायचा. संघात गेलेल्यांतून भांडुपचा एक कारखाना आपल्या टीमसाठी पोरं उचलायचा आणि कामाला लावायचा. मला ती जागा पाहिजे होती. का, ते स्पष्ट सांगतो. बापाच्या घरातून बाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. मी मोठा झालो होतो, खांदे बापापेक्षा रुंद झाले होते, आणि पट्टा अजून थांबला नव्हता. आठवड्यापूर्वीच त्यानं आईच्या तोंडावर मारला होता आणि मी त्याची मान धरली होती. दाबत होतो. आईनं माझ्या हाताला चावून मला सोडवलं. आणखी थोडे महिने त्या घरात राहिलो असतो तर मी बापाला मारून टाकलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आणि मोहन माझ्यापेक्षा चांगला होता. पाय हलके, जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, असा की लागेपर्यंत दिसायचा नाही. दहापैकी सात वेळा तो मला मारायचा.

बुधवारी, बाउटच्या आधीच्या शेवटच्या सरावाला, मी तो मऊ गार्ड घातला. समोर एक नवखा होता, महिनाभर आलेला. त्याचे ठोसे मी एरवी मोजतही नसे. त्यानं एक डावा हूक फिरवला, तो माझ्या उजव्या कानशिलावर बसला आणि माझ्या दातांपर्यंत गेला. कानात शिट्टी वाजायला लागली. राउंड संपल्यावर मी कोपऱ्यात गेलो, गार्ड काढला आणि अंगठा दाबला. उजव्या कानशिलापाशी आतलं कापड आणि बाहेरचं चामडं एकमेकांना टेकले. मधे काहीच नाही. ठोसे खाऊन खाऊन सगळी सावर खाली सरकली होती, गालापाशी गोळा झाली होती, जुन्या उशीत होते तशी. मला एका क्षणात सगळं समजलं. नमद्याला सरकायला जागा नसते, तो दबतो आणि दबताना ठोशाचा जोर खातो. सावर काही खात नाही, नुसती बाजूला होते आणि मूठ पुढं जाऊ देते.

मास्तर दहा पावलांवर होते. मी तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. मी काय केलं, तर तो गार्ड मांडीवर घेतला आणि उशी थोपटतात तसा दोन्ही बाजूंनी थोपटला. खालची सावर बोटांनी चेपत चेपत वर नेली. कानशील पुन्हा गुबगुबीत झालं. खिळ्याला लावताना मी तो सुमननं दिला होता तसाच दिसेल असा लावला. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आलो, की हात आपोआप चालले. नाही चालले. मी मुद्दाम केलं.

रविवारी सकाळी शेड भरली होती. चाळीतली माणसं दोरांपर्यंत उभी. सुमन आणि काकी दारात. बाप नव्हता, तो झोपला होता. मास्तरांनी दोन्ही गार्ड काढले, अंगठ्यानं दाबले. मऊ गार्डच्या कानशिलात अंगठा गेला आणि वर आला. मास्तर म्हणाले, "कोण कुठला घेणार?" मोहन म्हणाला, "शांत्या, नाणं उडव." मी म्हणालो, "नाणं कशाला, तुझ्या बहिणीनं शिवलाय, तूच घाल. मला आपला सडका चालतो." लोक म्हणाले, वा रे शांताराम. सुमन दारातून माझ्याकडे बघून हसली. तिनं आत येऊन स्वतः त्याच्या हनुवटीखाली नाडी बांधली, आणि कुणीतरी ओरडलं, "बाळाला तीट पण लाव गं!" मोहननं जीभ बाहेर काढली. इतका हसरा पोरगा होता तो.

पहिला राउंड त्याचा. त्याच्या जॅबनं माझं नाक फुटलं, रक्त ओठावर, छातीवर. मी फक्त पुढं जात राहिलो. मी त्याच्या पोटात मारायला पाहिजे होतं, मास्तर ओरडत होते, "खाली मार, खाली!" मी वर मारत होतो. डावा हूक, उजव्या कानशिलावर. दहापैकी आठ हवेत गेले. दोन लागले. दुसऱ्या राउंडला आणखी चार लागले. चौथा लागला तेव्हा मला मुठीत फरक कळला. आधी उशीत हात जातो तसं लागत होतं, आता हाड लागलं. मी तो आवाज ऐकला. फट् नाही. कोरडा, टक् असा. मोहननं डोळे मिचकावले आणि त्याचा डावा हात एक वीतभर खाली आला. तो वर येईना. मला दिसलं की येत नाहीये. त्याच्या कोपऱ्यातल्या कुणाला दिसलं नाही, कारण गार्ड नीट बसला होता, कुठं रक्त नव्हतं, चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. रक्तानं माखलेला मी होतो. लोकांना वाटत होतं मीच मरतोय. "मोहन, संपव त्याला!" अशा आरोळ्या.

तिसऱ्या राउंडला मी त्याला दोरापाशी कोंडला आणि मारत सुटलो. मोजले नाहीत. त्याची मान प्रत्येक ठोशाला वळायची आणि परत यायची, पुन्हा वळायची. गार्ड फिरून त्याचा एक डोळा झाकला गेला होता. मला मोहन दिसत नव्हता. बाप दिसत होता असं म्हणालो तर वाचणाऱ्याला माझी दया येईल, म्हणून तेही खरं सांगतो: मला बाप दिसत नव्हता. मला मोकळं कानशील दिसत होतं. मास्तरांनी मधे अंग घातलं तेव्हा शेवटचा ठोसा त्यांच्या दंडाला लागला. मोहन खाली बसला, मांडी घालून, जेवायला बसावं तसा. रूळ वाजला. मास्तरांनी माझा हात वर केला.

अर्ध्या तासानं तो बाकावर बसून लिंबूपाणी पीत होता. मला म्हणाला, "चल ना रे, बाउट कधी आहे?" पोरं हसली, त्यांना वाटलं थट्टा करतोय. मग तो ओकला. लिंबूपाणी, मग सकाळची भाकरी, मग नुसतं हिरवं. मग त्याचे डोळे एका बाजूला गेले आणि डावं अंग झटके द्यायला लागलं. आम्ही चौघांनी त्याला उचलून उतारावरून रस्त्यापर्यंत नेला. त्याचं डोकं माझ्या हातात होतं. गार्ड अजून डोक्यावरच होता, काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. दवाखान्यात नाडी कापून काढला आणि माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून रक्त काढलं. तो जगला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमन कात्री घेऊन शेडमध्ये आली. मी परत आणून खिळ्याला लावलेला तो गार्ड तिनं सगळ्यांसमोर ताडपत्रीवर ठेवला आणि कापला. गालापाशी सावरीचा लिंबाएवढा घट्ट गोळा निघाला. कानशिलात काही नव्हतं. कापड आणि चामडं. तिनं बोट घालून बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं बघितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मास्तर, मी भरलं. मी टाके मारून कप्पे करायला पाहिजे होते. उशीला करत नाही, म्हणून केले नाहीत." मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "मी दोनदा दाबून बघितलं गं. रविवारी पण भरलेला होता." मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. "शांताराम, बुधवारी तू घातला होतास ना हा? काही जाणवलं?"

शेडमध्ये वीसेक पोरं होती. मी म्हणालो, "नाही मास्तर. मऊ होता."

मास्तर बघत राहिले. मला वाटतं त्यांना शंका आली होती. पण सुमनच मधे पडली. "त्याला काय विचारता? तो काय गाद्या भरतो? त्याला काय कळणार?" असं म्हणून तिनं तो गोळा ओच्यात घेतला आणि निघून गेली. मास्तरांनी दुसऱ्या महिन्यात क्लब सोडला. मी संघात गेलो, पहिल्याच सामन्यात दोन मिनिटांत आडवा झालो, तरी कारखान्यानं मला घेतलं. तिथं मी चौतीस वर्षं नोकरी केली. रिंगमध्ये पुन्हा पाय टाकला नाही.

मोहन दोन महिन्यांनी घरी आला. डावा हात छातीशी वाकलेला, पाय ओढत, डोक्यावर केस उगवायला लागलेले. मी रोज जायचो. तो दर वेळी विचारायचा, "कोण जिंकलं रे?" आणि मी म्हणायचो, "तू." मग त्याचा चेहरा असा उजळायचा की बघवत नसे. काल सांगितलेलं आज त्याला आठवायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुमन चुलीपाशी बसून ऐकायची. वर्षभरानं तिनंच मला विचारलं, "लग्न करशील माझ्याशी? मोहन बरोबर येईल." काकीला तिनं सांगितलं, की जो माणूस जिंकून रोज हरतो त्याच्याबरोबर मी राहीन. मला हे काकीनं लग्नानंतर सांगितलं. मी त्या दिवशी कामावर गेलो आणि मशीनवर बोट कापून घेतलं.

चारचौघांत ती मला अहो म्हणायची, घरात तू. आमच्या घरात उशी नव्हती. ती पुन्हा कापसाला शिवली नाही. आम्ही सगळे घडी केलेल्या चादरीवर झोपलो, मुलगीसुद्धा. आणि मोहन मारायचा. महिनोन्‌महिने शांत असायचा, मग एखादा शब्द, एखादा भांड्याचा आवाज, आणि उजवा हात चालायचा. तो हात अजून बॉक्सरचाच होता. मी असलो तर मला मारायचा, आणि ते मी खायचो, मला त्यात बरंच वाटायचं. पण मी पाळीला असायचो, आणि सुमन घरात. मी आलो की तिच्या दंडावर निळं, गालावर निळं. मी म्हणायचो, त्याला कुठंतरी ठेवू या, अशा लोकांच्या जागा असतात. ती म्हणायची, "मारू दे. माझंच आहे ते माझ्याकडे येतंय." अठ्ठावीस वर्षं, मोहन जाईपर्यंत. ती हात वर करून तोंड झाकायचीसुद्धा नाही. मला ठोसा चुकवायला, वाकायला, बाजूला व्हायला येत होतं, मी तिला शिकवू शकलो असतो. तिला शिकायचं नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी घरीच होतो. बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळाचा वास घरभर. सुमन वाकून ताटं मांडत होती. एक ताट हातातून सुटलं, खणखणलं, आणि मोहननं शेजारचा पितळी तांब्या उचलून तिच्या कानशिलावर मारला. मी पोचेपर्यंत दुसऱ्यांदा मारला. टक् असा आवाज आला. मी त्याचा हात पिरगाळून तांब्या काढला, त्याला भिंतीशी बसवला, आणि तो लगेच शांत होऊन ताटाकडे बघायला लागला. सुमनच्या केसांतून रक्त गळ्यापर्यंत येत होतं. मी टॉवेल दाबून धरला. माझ्या बोटाखाली तिचं कानशील होतं, पातळ कातडी आणि त्याखाली लगेच हाड. मी म्हणालो, "सुमन, तुझा काही दोष नव्हता. ऐक. तुझ्या कापसाचा काही दोष नव्हता. मला बुधवारी..."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. रक्तानं ओला हात. म्हणाली, "तू असंच बोलतोस. नेहमी. म्हणून तर तुला केला." मग टॉवेल माझ्याकडून घेऊन स्वतः धरला आणि म्हणाली, "गप बैस आता. त्याला भूक लागली असेल. भात वाढ."

मी भात वाढला.